सिक्स्थ फॉर्म कॉलेजच्या एमआयएसमध्ये, म्हणजे डेटा विभागात, नवीन आहात? फंडिंगचे नियम या टोकाने धरा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमधल्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात (१६ ते १९ वयाच्या पोरांचं कॉलेज) डेटा ऑफिसर म्हणून लागलात, आधी पुण्यात ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसात काम केलंय, आणि आता मॅनेजरने फंडिंग रेग्युलेशन्सच्या पीडीएफ हातात देऊन सांगितलंय की सप्टेंबरच्या आत कुठल्या कोर्सला किती पैसे मिळतात त्याचा तक्ता करा. शिवाय जाता जाता भाच्याचं विचारलंय, दहावी करून येतोय, त्याला फुकट ॲडमिशन मिळेल का. दोन्हीचं सांगतो. मी बरीच वर्षं याच कामात आहे त्यामुळे जरा लांबेल.

पहिलं म्हणजे तो तक्ता तुमच्या मॅनेजरला हवाय तसा होणारच नाही, कारण १६ ते १९ च्या फंडिंगमध्ये फिजिक्सला एवढे आणि सायकॉलॉजीला तेवढे असं काही नसतं. पूर्वी होतं. प्रत्येक क्वालिफिकेशनमागे पैसे मिळायचे, मग कॉलेजं पोरांना छोटी छोटी सर्टिफिकेटं चिकटवायची, कागदावर पोरगं भारी दिसायचं आणि नोकरीच्या बाजारात त्या कागदाला कोणी विचारायचं नाही. शिक्षणतज्ज्ञ ॲलिसन वुल्फ यांचा रिपोर्ट २०११ ला आला त्यात यावर बरंच परखड लिहिलंय, आणि २०१३-१४ पासून पद्धत बदलली. तेव्हापासून पैसे विद्यार्थ्यामागे मिळतात, त्याच्या अख्ख्या वर्षाच्या कार्यक्रमाला, ज्याला इथे स्टडी प्रोग्रॅम म्हणतात. त्यामुळे पोरगा तीन ए लेव्हल (एकेका विषयाचं दोन वर्षांचं क्वालिफिकेशन) करतोय की बीटेक एक्स्टेंडेड डिप्लोमा (व्यवसायाकडे नेणारा एकच मोठा कोर्स) करतोय यावर मूळ दर ठरत नाही, तो वर्षाला किती तास टाइमटेबलवर आहे यावर ठरतो. हे एकदा डोक्यात बसलं की त्या पीडीएफ बऱ्याच सोप्या होतात.

दर सांगतो. तासांप्रमाणे पोरांचे गट पाडलेत, त्यांना बँड म्हणतात. फुल टाइम म्हणजे बँड ५, त्याचा राष्ट्रीय दर २०१३ पासून २०१९-२० पर्यंत ४,००० पौंडांवर गोठलेला होता, महागाई वाढत गेली आणि आकडा तसाच, म्हणून तर कॉलेजांनी रेझ द रेट म्हणून मोहीम काढली होती. मग ४,१८८ झाला, २०२२-२३ ला ४,५४२, नंतर ४,६४२, २०२४-२५ ला ४,८४३ आणि २०२५-२६ ला ५,१०५. २०२२-२३ ला एकदम वाढ दिसते ना, ती काही उदारपणा नव्हता, त्याच वर्षी फुल टाइमची अट ५४० तासांवरून ५८० केली. ४० तास जास्त शिकवा आणि मग जास्त पैसे घ्या.

आता हे ५८० नीट बघा, कारण सिक्स्थ फॉर्म कॉलेजचा जीव इथे अडकलेला असतो. एका ए लेव्हलचे गाइडेड लर्निंग अवर्स, म्हणजे शिकवण्याचे ठरवून दिलेले तास, ३६०, तीन म्हणजे १,०८०, दोन वर्षांत भागले की ५४०. कागदावर इथेच ४० कमी. पण फंडिंगला तो कागदावरचा आकडा चालतच नाही, तुम्ही प्रत्यक्षात टाइमटेबलवर काय लावलंय ते चालतं. समजा तुमच्या कॉलेजात एका विषयाला आठवड्याला साडेचार तास आहेत आणि वर्ष ३८ आठवड्यांचं. साडेचार गुणिले ३८ म्हणजे १७१, तीन विषयांचे ५१३. आठवड्याला एक तास ट्युटोरियल धरलं तर ५५१. अजून एक तास एनरिचमेंट, म्हणजे डिबेट, स्पोर्ट्स, ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्काराचे उपक्रम, करिअरचं काही, तर ५८९. झालं, बँड ५ मध्ये आलात, नऊ तासांनी.

आणि आता तेच गणित दुसऱ्या वर्षाच्या पोरांना लावा. त्यांच्या परीक्षा मेच्या आसपास सुरू होतात, बरीच कॉलेजं त्यांना स्टडी लीव्ह देऊन मोकळी करतात, म्हणजे ३८ चे ३३ आठवडे होतात. साडेचार गुणिले ३३ म्हणजे १४८.५, तीन विषयांचे ४४५.५, ट्युटोरियलचे ३३ मिळवले तर ४७८.५. बँड ४ सुरू होतो ४८५ ला! म्हणजे एनरिचमेंट नसेल तर हा फुल टाइम दिसणारा पोरगा थेट बँड ३ मध्ये घरंगळतो, एनरिचमेंट धरलं तरी ५११.५, म्हणजे बँड ४. बँड ५ आणि ४ मध्ये माणशी आठ-नऊशे पौंडांचा फरक आहे, आणि दुसऱ्या वर्षाला हजार पोरं असलेल्या कॉलेजचं काय होईल ते तुम्हीच करून बघा. म्हणून तुम्हाला सांगतो, पहिल्या आठवड्यात मॅनेजरला तो कोर्सवार तक्ता देण्याऐवजी हे दोन हिशोब करून द्या, पहिलं वर्ष आणि दुसरं वर्ष वेगवेगळे, तुमच्या कॉलेजचे खरे आठवडे आणि खरे तास घालून. बऱ्याच ठिकाणी दोन्ही वर्षांना एकच आकडा कॉपी केलेला असतो आणि ऑडिटर सगळ्यात आधी तिथेच बोट ठेवतो.

तासांत काय धरायचं यावर स्टाफरूममध्ये कायम वाद असतो. नियम असा की जे टाइमटेबलवर आहे, कॉलेजने आयोजित केलंय किंवा कॉलेजच्या देखरेखीखाली होतंय तेच धरायचं. घरी केलेला अभ्यास नाही, लायब्ररीत पोरं आपापली बसतात ते नाही, स्टडी लीव्ह तर नाहीच नाही. पण मे-जूनमध्ये शिक्षक वर्गात आहे, हजेरी घेतली जातेय आणि रिव्हिजन चाललीय, तर ते चालतं, आणि म्हणूनच हल्ली कॉलेजं स्टडी लीव्ह उशिरा देतात, पोरांना वाटतं कॉलेज खडूस आहे. आयएलआरमध्ये, म्हणजे कॉलेज सरकारला पाठवतं त्या विद्यार्थ्यांच्या नोंदीत, याची दोन वेगळी खाती आहेत, एक क्वालिफिकेशनचे नियोजित तास आणि दुसरं एम्प्लॉयबिलिटी, एनरिचमेंट आणि पास्टोरलचे (ट्युटोरियलसारखे, पोरांची विचारपूस करण्याचे) तास. बँड ठरताना दोन्हींची बेरीज होते, पण दुसऱ्या खात्यात वाट्टेल तेवढे तास ओतून चालत नाही, मुख्य भाग शिकवण्याचाच दिसला पाहिजे, आणि जो तास धरलाय तो पोराच्या स्वतःच्या टाइमटेबलवर दिसला पाहिजे. कॉलेजात बुद्धिबळ क्लब आहे म्हणून सगळ्या पोरांना ३८ तास लावायचे, असं करायचं नाही. जो खरंच जातो त्यालाच.

पुढचा मुद्दा सहा आठवड्यांचा. २४ आठवडे किंवा जास्तीचा प्रोग्रॅम असेल तर पोरगा निदान ४२ दिवस टिकला तरच तो फंडिंगसाठी मोजला जातो, त्याच्या आत गेला तर आलाच नव्हता असं समजा. सप्टेंबरच्या सुरुवातीला आला असेल तर ही रेषा ऑक्टोबरच्या मध्याला येते. आणि इथे तारीख कुठली, तर तो शेवटचा वर्गात बसला ती. फॉर्म भरला ती नाही, ट्युटरने ईमेल टाकला ती नाही, आईने फोन करून सांगितलं ती तर नाहीच. ऑक्टोबरच्या शेवटी ट्युटर येऊन सांगतो की अमुक मुलगी गेली, तुम्ही रजिस्टर उघडता तर ती सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर दिसलेलीच नाही. अशी पोरगी मोजायची नाही, कितीही जिवावर आलं तरी. म्हणून ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे रोज सकाळी गैरहजेरीचा रिपोर्ट काढायची सवय लावून घ्या, त्यात पोरांचंही भलं आहे, कारण फोन वेळेत जातो आणि काही जणं परत येतात.

याच सहा आठवड्यांत नियोजित तास पण दुरुस्त करून घ्यायचे, नंतर ते गोठतात. म्हणजे चार ए लेव्हल घेऊन आलेल्याने सप्टेंबरात एक सोडला तर तास कमी करायलाच हवेत, पण जानेवारीत सोडला तर तास तसेच ठेवायचे, फक्त तो विषय सोडल्याची तारीख टाकायची. नवीन लोक उलटं करतात, सप्टेंबरातलं राहून जातं आणि जानेवारीतलं इमानदारीने कमी करून कॉलेजचं नुकसान करतात.

मग रिटेन्शन. पोरगा सहा आठवडे टिकला पण वर्ष पूर्ण न करता गेला तर त्याचे निम्मे पैसे जातात. शंभरातली दहा गेली तर तुमचा रिटेन्शन फॅक्टर ०.९५. इथे कोअर एम नावाची गोष्ट येते, म्हणजे प्रोग्रॅमचा मुख्य विषय किंवा क्वालिफिकेशन कोणतं. बीटेकवाल्याचं सोपं आहे, त्याचं मोठं क्वालिफिकेशन तेच कोअर. ए लेव्हलवाल्याचं कोअर आपण तिघांपैकी एकाला लावलेलं असतं, आणि त्याने नेमका तोच विषय सोडला तर कोअर दुसऱ्या चालू ए लेव्हलकडे सरकवता येतो. सिस्टीम हे आपोआप करत नाही बरं का. फेब्रुवारी-मार्चमध्ये एक रिपोर्ट काढा, कोअर सोडलेला पण बाकीचे विषय चालू असलेला विद्यार्थी कोण, आणि एकेकाची नोंद नीट करा. पोरगा रोज समोर वर्गात बसलेला आणि डेटा सांगतोय की गेला, असं दरवर्षी काही जणांचं निघतंच.

आता क्वालिफिकेशनचा नियम नेमका कुठे लागतो ते. दर तासांवर असला तरी कुठलीही क्वालिफिकेशन चालत नाही, दारावर चाळणी आहे. लर्निंग अँड स्किल्स ॲक्ट २००० च्या सेक्शन ९६ खाली ती मान्य असली पाहिजे, आणि त्याची यादी लार्स नावाच्या डेटाबेसमध्ये असते, फाइंड अ लर्निंग एम म्हणून वेबसाइट आहे तिथे आठ अक्षरी कोड टाकून बघता येतं. बघताना फक्त नाव दिसलं म्हणून खूश होऊ नका, १६ ते १९ च्या फंडिंगची ओळ शोधा आणि तिथे नवीन विद्यार्थी घेण्याची शेवटची तारीख काय आहे ते वाचा. ती तारीख उलटली असेल तर आधीपासून शिकणारी पोरं पूर्ण करू शकतात, नवीन घेता येत नाहीत. एकाच विषयाचे एक्यूए, ओसीआर, पिअर्सन, एज्युकास या परीक्षा बोर्डांचे कोड वेगळे असतात, आणि एएसचा (अर्ध्या ए लेव्हलएवढ्या क्वालिफिकेशनचा) कोड ए लेव्हलच्या जागी पडला की पुढे वर्षभर डोकेदुखी. डिपार्टमेंट हेडला तोंडी विचारू नका, परीक्षेच्या एंट्री करणाऱ्या ऑफिसरकडून यादी घ्या. ती खरी असते.

या चाळणीत गेली काही वर्षं जी उलथापालथ चाललीय तिचा मला खरंच वैताग आहे. सप्टेंबर २०२० ला टी लेव्हल नावाची तांत्रिक क्वालिफिकेशन आली, त्यात निदान ३१५ तासांची इंडस्ट्री प्लेसमेंट, तिचे फंडिंग बँडही वेगळे, आणि मग सरकार म्हणालं की जी बीटेकं टी लेव्हलशी ओव्हरलॅप होतात त्यांचं फंडिंग बंद. जुलै २०२४ ला नवीन सरकारने त्याला थांबवून आढावा घेतला आणि डिसेंबरात त्यातल्या बऱ्याच क्वालिफिकेशन्सना मुदत वाढवून दिली. ऑक्टोबर २०२५ च्या श्वेतपत्रिकेत आता व्ही लेव्हल (व्होकेशनल, म्हणजे व्यवसायाकडे नेणारी) जाहीर केलीय, एका ए लेव्हलच्या आकाराची, पहिली २०२७ पासून. म्हणजे प्रॉस्पेक्टस छापायचं दीड वर्ष आधी आणि कोर्स राहणार की जाणार हे कळणार नंतर. तुम्ही एवढंच करा, तुमच्या कॉलेजातल्या ए लेव्हल सोडून बाकी सगळ्या क्वालिफिकेशन्सची एक शीट ठेवा, कोड, आकार किती तासांचा, आणि नवीन विद्यार्थ्यांची शेवटची तारीख, आणि ती दर तीन महिन्यांनी लार्सवरून तपासा. प्रिन्सिपल लोकांना ही शीट फार आवडते, प्रोबेशन निघून जाईल.

विषयाचा पैशाशी अजिबात संबंध नाही असंही नाही. व्होकेशनल कोर्सना कॉस्ट वेटिंग मिळतं, म्हणजे इंजिनिअरिंगसारख्या खर्चिक गोष्टींना मूळ दरापेक्षा जास्त. पण ए लेव्हलच्या प्रोग्रॅमला ते नाही, केमिस्ट्रीची लॅब असो की सोशिऑलॉजीचं खडू-फळा, वेटिंग एकच. त्याची थोडी भरपाई म्हणून सायन्स, मॅथ्स, कंप्युटिंगमधले दोन किंवा जास्त ए लेव्हल करणाऱ्याला हाय व्हॅल्यू कोर्सेस प्रीमियम मिळतो, माणशी ६०० पौंड. चार ए लेव्हल किमान बी ग्रेडने काढणाऱ्यांसाठी लार्ज प्रोग्रॅम अपलिफ्ट आहे १० टक्के, पण ते मागच्या बॅचच्या निकालावर ठरतं, त्यामुळे यंदा चार विषय दिले की यंदाच पैसे असं समजू नका. बाकी पोरगा राहतो त्या भागाच्या गरिबीवर आणि त्याच्या जीसीएसईच्या (इथली दहावीसारखी परीक्षा) मॅथ्स-इंग्लिशच्या निकालावर डिसॲडव्हांटेजचे पैसे येतात, म्हणून पिनकोड, म्हणजे इथला पोस्टकोड, बरोबर टाका. आधीच्या घरचा पत्ता राहिला तर नुकसान होऊ शकतं.

आणि १८ वर्षांच्या पोरांचं. ३१ ऑगस्टला जो १८ चा आहे, म्हणजे साधारण तिसऱ्या वर्षाला रेंगाळलेला, त्याला कितीही तास लावले तरी बँड ४ चाच दर, अपवाद ईएचसीपी (विशेष गरजा असलेल्या पोरांसाठीचा अधिकृत आराखडा) असलेल्या हाय नीड्सवाल्यांचा. २०१४ ला केलेली ही साडेसतरा टक्क्यांची कपात आहे आणि माझ्या मते ती साफ चुकीची आहे, कारण तिसरं वर्ष करणारी पोरं बहुतेक अशीच असतात की ज्यांची शाळा आजारपणात, घरच्या भानगडीत किंवा देश बदलण्यात गेलेली असते, आणि नेमकं त्यांनाच कमी. याच्याच जवळचा दुसरा नियम म्हणजे तेच वर्ष परत करण्याचा. ग्रेड कमी आले म्हणून तेच ए लेव्हल परत, याला साधारणपणे फंडिंग नाही. दीर्घ आजारपण वगैरे पोराच्या हाताबाहेरचं कारण असेल तर मिळतं, पण त्याचा कागद फाइलला लावा, डॉक्टरचं पत्र, ट्युटरची नोंद, जे असेल ते. तोंडी कारण ऑडिटला चालत नाही.

सगळ्यात जास्त पैसे जिथे जातात ते मात्र मॅथ्स आणि इंग्लिश. कंडिशन ऑफ फंडिंग म्हणतात. जीसीएसईला मॅथ्स किंवा इंग्लिशमध्ये ग्रेड ४ नसेल तर तो विषय दरवर्षी चालू ठेवावाच लागतो, मिळेपर्यंत. ग्रेड ३ असलेल्या फुल टाइम पोराने जीसीएसईच करायची, २ किंवा खाली असेल तर फंक्शनल स्किल्स (व्यवहारापुरत्या मॅथ्स-इंग्लिशची वेगळी परीक्षा) चालतात. २०२५-२६ पासून प्रत्येक विषयाचे वर्षाला निदान १०० तास शिकवायचे, वर्गात, समोरासमोर. आधी ५ टक्के पोरांपर्यंत सूट होती, ती आता अडीच टक्क्यांवर आणली, त्यावर गेलेल्या प्रत्येक पोरामागे राष्ट्रीय दराच्या निम्मे पैसे कापतात, आणि कापतात दोन वर्षांनी, म्हणजे तोवर सगळे विसरलेले असतात आणि नवीन फायनान्स डायरेक्टर विचारतो हे कशाचे. हजार पोरांच्या कॉलेजात अडीच टक्के म्हणजे फक्त पंचवीस, आणि हे पंचवीस होतात कसे, तर पोरं येतात, मॅथ्सच्या वर्गाला नाव लागतं, दोनदा जातात, मग ट्युटर दया येऊन म्हणतो की राहू दे, आधीच तीन विषयांचा ताण आहे, आणि एंट्री काढून टाकतो. दया करायची तर दुसऱ्या कशात करा, ही एंट्री काढायचा अधिकार तुमच्या कॉलेजात एकाच माणसाकडे ठेवा.

तुम्ही विचारलंय की पैसे नेमके कधी येतात. तर ही पद्धत लॅग्ड आहे, म्हणजे यंदाच्या पोरांचे पैसे पुढच्या वर्षी. डिसेंबरच्या आर०४ रिटर्नमध्ये (आयएलआर वर्षात ठरावीक वेळा पाठवतात, त्यातला चौथा) जेवढी पोरं दिसली त्यावर पुढच्या ऑगस्टपासूनचं ॲलोकेशन ठरतं, आणि तास, रिटेन्शन वगैरे बाकी घटक त्याच्याही आदल्या वर्षाच्या आर१४ वरून, म्हणजे वर्षाच्या शेवटच्या रिटर्नवरून. त्यामुळे कॉलेज एकदम वाढलं तर पहिलं वर्ष पोटाला चिमटा काढून चालवावं लागतं, इन-इयर ग्रोथ नावाची मदत असते पण तिच्या भरवशावर शिक्षक नेमू नका. यातून तुम्हाला कळेल की नोव्हेंबर का इतका महत्त्वाचा आहे, आर०४ च्या आधी प्रत्येक पोराचे तास, कोअर आणि ग्रेड तपासून झालेच पाहिजेत. शाळांच्या सिक्स्थ फॉर्मचं काम आयएलआरवर नाही, स्कूल सेन्सस नावाच्या वेगळ्या नोंदीवर चालतं, त्यांचे सल्ले जसेच्या तसे उचलू नका.

एक छोटी गोष्ट, जुन्या फाइलींमध्ये तुम्हाला एफईएफसी, एलएससी, वायपीएलए, ईएफए, ईएसएफए अशी नावं दिसतील. घाबरू नका, १९९३ पासून पैसे देणाऱ्या खात्याच्या पाट्या बदलत गेल्या इतकंच. ईएसएफए ३१ मार्च २०२५ ला बंद झाली आणि आता थेट डीएफई, म्हणजे शिक्षण खातंच हे बघतं. जुनी लिंक उघडली नाही तर खात्याच्या साइटवर चालू वर्षाचं १६ ते १९ फंडिंग गाइडन्स शोधा, आणि वर्ष वाचूनच पीडीएफ उघडा.

ऑडिटबद्दल एवढंच की ते पोरं निवडून फाइल मागतात आणि चार गोष्टी बघतात, पोरगा होता का, पात्र होता का, तास कुठून आले, आधीच्या ग्रेडचा पुरावा काय. एन्रोलमेंटच्या दिवशी निकालाच्या कागदाची कॉपी घेतली नाही तर फेब्रुवारीत ती मिळत नाही. आणि त्या वर्षाचं पोराचं टाइमटेबल पीडीएफ करून सेव्ह करून ठेवा, कारण सिस्टीम जुलैमध्ये पुढच्या वर्षावर गेली की जुनं टाइमटेबल परत काढताना जीव जातो. एका कॉलेजात मी बघितलंय, तास खरे होते, शिकवलेलं खरं होतं, पण कागद नव्हता म्हणून पैसे परत गेले.

आता भाचा. हे तुम्ही घरचं म्हणून विचारलंय पण उद्या एन्रोलमेंटच्या टेबलावर असे दहा येतील, म्हणून नीट सांगतो. पहिला प्रश्न वयाचा. महाराष्ट्रात दहावी झालेला पोरगा बऱ्याचदा १५ चा असतो. ३१ ऑगस्टला १६ पूर्ण नसतील तर इथल्या हिशोबाने तो इयर ११ चा, म्हणजे शाळेत जायचं, सिक्स्थ फॉर्म पुढच्या वर्षी. नोव्हेंबरात वाढदिवस असलेल्या पोरांच्या आई-बापांना हे पटत नाही, दहावी झाली म्हणतात, मार्कशीट दाखवतात, पण नियम वयावर आहे. उलट बारावी करून आलेला १८ चा निघतो आणि वर सांगितलेला कमी दर लागतो, आणि ३१ ऑगस्टला १९ झाले असतील तर ईएचसीपीशिवाय नवीन सुरुवात या फंडिंगमधून नाहीच.

दुसरा प्रश्न कोणाबरोबर आलाय. १६ ते १८ चा मुलगा आई-वडिलांबरोबर आलाय आणि त्यांच्याकडे इथे राहायची वैध परवानगी आहे, स्किल्ड वर्कर वगैरे, तर तो पात्र धरला जातो, तीन वर्षं राहिल्याची वाट बघावी लागत नाही. व्हिसावर पब्लिक फंड्स नाहीत असं लिहिलेलं असतं त्याला लोक घाबरतात, पण सरकारी शिक्षण त्या यादीत येत नाही. मात्र भाचा एकटाच तुमच्याकडे येऊन राहणार आणि बहीण-मेहुणे पुण्यातच, तर ही कॅटेगरी त्याला लागू नाही, मावशी म्हणजे पालक नाही या हिशोबात. व्हिजिटर व्हिसावर आणून कॉलेजात घालायचा विचार असेल तर तो सोडून द्या. तुम्ही स्वतः एन्रोलमेंट करत असाल तर नातेवाइकाची फाइल दुसऱ्या कोणाकडे द्या, ते बरं दिसतं.

तिसरा मॅथ्स-इंग्लिशचा. दहावीला ९२ टक्के आहेत म्हणून कंडिशन ऑफ फंडिंग आपोआप सुटत नाही. परदेशी क्वालिफिकेशन जीसीएसई ग्रेड ४ च्या तोडीची आहे हे यूके एनिककडून (परदेशी क्वालिफिकेशनची इथल्याशी तुलना करणारी संस्था) स्पष्ट झालं पाहिजे आणि तो पुरावा फाइलला, मगच आयएलआरमध्ये त्या अटीतून सूट असल्याचा कोड टाकायचा, इंग्लिशसाठी ईसीएफ आणि मॅथ्ससाठी एमसीएफ. दोन्ही विषय वेगळे तपासायचे, मॅथ्सचं झालं म्हणून इंग्लिशचं झालं असं नाही. पुरावा हातात येईपर्यंत त्याला जीसीएसईच्या वर्गात नाव लावून ठेवा, कोड घाईने टाकू नका, पुरावा आला की काढता येतं.

फी विचाराल तर, पात्र ठरला तर शिकवण्याची फी नाही, विषयाला आवश्यक असलेल्या पहिल्या परीक्षेची पण नाही. ट्रिप, लॉकरचं डिपॉझिट, कारण नसताना परीक्षेला न जाणं याचे पैसे मागू शकतात. घरची परिस्थिती बेताची असेल तर १६-१९ बर्सरी (खर्चासाठी मिळणारी मदत) आणि फ्री मील्सचं वेगळं विचारा, ते ॲडमिशनबरोबर आपोआप मिळत नाही, फॉर्म भरावा लागतो. त्याच्या बॅगेत दहावीची मूळ मार्कशीट, बोर्डाचं सर्टिफिकेट, जन्मदाखला आणि पासपोर्ट ठेवायला सांगा, आई-वडिलांच्या ई-व्हिसाचा शेअर कोड आधी काढून चालवून बघा, आणि बोर्डाचं सर्टिफिकेट अजून शाळेतून घेतलं नसेल तर निघायच्या आधीच घेऊन या, इथून पत्रव्यवहार करून ते मागवण्यात अर्धी टर्म जाते.